डॉक्टरीणबाईंचा सौदा

आमच्या दवाखान्यात नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी बाळंतपणाच्या टेबलावर झोपावं लागायचं. नर्स असो, औषधं वाटणारा असो, नाहीतर ऑफिसातला क्लार्क असो. डॉक्टर मॅडम स्वतः दंडाला धरून न्यायच्या, "पड. पाय वर," म्हणायच्या, आणि पाय त्या लोखंडी आधारांवर गेले की दार सताड उघडं टाकून निघून जायच्या. बाहेरच्या व्हरांड्यातून माणसं ये-जा करत असायची. कुणी खोकल्याचं औषध न्यायला आलेलं, कुणी कुत्रं चावलं म्हणून. सगळी जाता जाता आत बघायची.

मी पडले होते तेव्हा एक म्हातारा दारात थांबला आणि काळजीनं म्हणाला, "कितवा म्हैना, बाय?"

थोड्या वेळानं मॅडम चहाचे दोन कप घेऊन आल्या. "काय वाटलं?"

"टेबल गार आहे," मी म्हणाले.

"अजून?"

"लाज वाटली. आणि तुमचा राग आला."

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घे."

एवढंच. भाषण नाही, काही नाही. माझ्यानंतर मॅडमनी जुन्या क्लार्कलाही तिथं झोपवलं, आणि तो उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दाराला पडदा लागला होता. त्याआधी पडद्याची मागणी कितीतरी दिवस त्याच्याच टेबलावर पडून होती म्हणे.

मला राग का आला तेही सांगते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातली काय, वस्तीवरची पहिली. आई-वडील पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जाणारे. मी बी.एस्सी. नर्सिंग झाले तेव्हा वडिलांनी पदवीच्या कागदाला चौकट करून आणली आणि देवाच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. एवढं शिकून मी राजूरच्या पुढं डोंगरातल्या दवाखान्यात आले, आणि ही बाई पहिल्याच दिवशी मलाच पेशंट करून ठेवते! मी ते त्यांना तोंडावर बोलले. तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए पदवीधर, ड्रेसिंग झालं का?" "पदवीधर, सलाईन बघ." आधी मला बोचायचं. नंतर मी ओ द्यायला लागले, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. पदवी खरीच होती ना.

बाई उंच, दणकट. केस कापलेले. सुती साडी आणि खाली शाळेतल्या पोरांचे असतात तसे पांढरे कापडी बूट. आवाज असा की ओपीडीत बोलल्या तर फाट्यावरचा चहावाला कप विसळायला घ्यायचा. मूळच्या नगर शहरातल्या, पण सगळी नोकरी जिल्ह्याच्या कडेकडेच्या दवाखान्यांत काढलेली. आता निवृत्त होऊन नगरलाच असतात. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "सौदा जमला नाही."

सौदा हा त्यांचा आवडता शब्द. गंमत अशी की राजूरच्या बाजारात ही बाई कधी घासाघीस करायची नाही. भाजीवाली सांगेल तो भाव. मी बरोबर असले की माझा जीव वरखाली व्हायचा. "मॅडम, लुटतात तुम्हाला." "लुटू दे गं." पण तीच भाजीवाली बी.पी.च्या गोळ्यांना दवाखान्यात आली की बाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसायच्या आणि बाजार सुरू व्हायचा.

"मीठ सोड."

"मीठ सोडून कसं भागंल बाई? कालवनाला चव कुटली?"

"कालवणातलं राहू दे. लोणचं सोड."

"लोनचं न्हाई सोडनार."

"मग पापड?"

भाजीवाली विचार करायची. "पापड दिला."

"दिला?"

"दिला म्हनलं ना!"

की बाई तिच्या तळहातावर टाळी मारायच्या, बैलबाजारात मारतात तशी. झाला सौदा.

मला तो पोरखेळ वाटायचा. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पेशंटला समजावून सांगायचं. मी समजावून सांगायचे. चांगलं सांगायचे, मला बोलता येतं. माणसं माना डोलवायची आणि घरी जाऊन लोणचं खायची. मॅडमकडं ज्यांनी पापड दिला होता, त्यांनी तो बहुतेक वेळा खरंच दिलेला असायचा. लोणचं खायची तीही, पण पापड खायची नाहीत.

बाजारात बांगड्या विकणारे एक चाचा होते. त्यांना शुगर. रमजानचे रोजे काही झालं तरी सोडणार नाहीत. आधीच्या डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगून टाकलं होतं, रोजे धरू नका. मग चाचा काय करायचे, रमजान लागला की दवाखान्याकडं फिरकायचेच नाहीत. रोजे चालू, गोळ्या बंद. मॅडमनी त्यांना रमजानच्या आधीच बोलावून घेतलं. "चाचा, रोजे तुमचे. गोळ्यांची वेळ आणि मात्रा माझी." पहाटे किती, रोजा सोडल्यावर किती, ते ठरवलं. "आणि मधेच हात थरथरले, घाम फुटला, तर त्या दिवशीचा रोजा तिथंच सोडायचा."

चाचा उठून उभे राहिले. "ये नहीं होगा, मॅडम."

"मग मौलानांना विचारून या. ते नाही म्हणाले तर मी गप्प बसते."

चाचा गेले. काही दिवसांनी आले, तोंड पाडून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मौलाना भी तुम्हारेच साइड से बोले." त्या ईदला आमच्याकडं शिरखुर्म्याचं मोठं पातेलं आलं. चाचांनी स्वतः फक्त एक चमचा घेतला. तोही मॅडमसमोर उभं राहून, त्यांना दिसेल असा.

असल्या बाईंबरोबर काम करणं सोपं होतं असं कुणी समजू नये. मीटिंगा विसरायच्या. चिडल्या की ट्रे आपटायच्या. भिंतीवरचं आरोग्याचं मोठं पोस्टर त्यांनी काढून टाकलं, त्यावरचं गोरंगोमटं कुटुंब सफरचंद खात होतं म्हणून. "ही माणसं आजारीच पडणार नाहीत. यांचं इथं काय काम?" त्याजागी आमच्याच पेशंटांना विचारून त्यांचे फोटो लावले. टीबीतून बरे झालेले एक कोळी आजोबा, वीटभट्टीवरची बिहारी पोरगी बाळाला डोस पाजताना, बांगडीवाले चाचा. मग रोज तक्रारी. एक बाई तर भांडायलाच आली, की जावेचा फोटो वर आणि माझा खाली का. पेशंटबरोबर कोंबड्याही आत यायच्या. मी हाकलायचे, मॅडम येऊ द्यायच्या. एकदा वजनकाट्याखाली एका कोंबडीनं अंडं घातलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बघ पदवीधर, इथलं पहिलं विनातक्रार बाळंतपण." मी हसले नाही. लेबर रूमच्या शेजारी कोंबडी म्हणजे कोंबडीच. त्यावर माझं मत आजही बदललेलं नाही.

पण मॅडम म्हटलं की मला आधी आठवते ती मंजुळा.

मंजुळा वरच्या एका ठाकरवाडीतली. तिचं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं. पोरगा नीट झाला, पण मागून पडायची ती वार अडकली आणि मंजुळेच्या अंगावरून इतकं गेलं की जीपमध्ये घालून खाली आणेपर्यंत ती कागदासारखी पांढरी पडली होती. वाचली ती नशिबानं. आता दुसऱ्या वेळची होती आणि अंगात रक्त कमीच. परत तसंच झालं, आणि घरी झालं, तर जीप पोचायच्या आत ती जाणार, हे मॅडमना दिसत होतं, मला दिसत होतं, वाडीतल्या आशाताईला दिसत होतं. मंजुळेलाही दिसत होतं. पण त्या वाडीतली एकही बाई बाळंतपणाला आमच्याकडं येत नव्हती. तपासायला यायच्या, गोळ्या न्यायच्या, "येते हां सिस्टर" म्हणायच्या आणि घरीच मोकळ्या व्हायच्या.

का येत नाहीत, याची दवाखान्यात ज्याची त्याची उत्तरं तयार होती. रस्ता वाईट. सिझरला भितात. आमचे शिपाई मामा म्हणायचे, "डोंगरातली मानसं, त्यान्ला काय कळतंय." मामा स्वतः शेजारच्याच डोंगरातले. माझं उत्तर होतं की सासवा येऊ देत नाहीत. मंजुळेची सासू ठकूबाई हीच वाडीची सुईण. वाडीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर आलेली. ती कशाला सुनेला आमच्याकडं पाठवेल?

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "चल पदवीधर, भाकरी खाऊन येऊ."

आम्ही वाडीवर गेलो. ठकूबाईनं नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. मंजुळा चुलीपाशी बसलेली, पोट वर आलेलं, ओठ फिके. मॅडमनी दवाखान्याचं नावसुद्धा काढलं नाही. भाकरी संपवली, हात धुतला आणि विचारलं, "ठकूबाई, लेकरू झालं की पुढं तू काय काय करतेस? मला सगळं सांग."

ठकूबाईनं आधी त्यांच्याकडं जरा संशयानं बघितलं. मग सांगायला लागली. बाईला बसवूनच मोकळं करायचं, आढ्याला दोर बांधून. निजवायचं नाही. मग कढत पाणी, शेक. आणि वार. वार सांगताना ती उठलीच. आम्हाला घरामागं न्हाणीपाशी घेऊन गेली. तिथं जमिनीत चपटे दगड बसवले होते.

"ही माझ्या थोरल्याची. ही धाकट्याची, मंजुळीच्या नवऱ्याची. ही मंजुळीच्या पोराची."

मधे एका दगडाएवढी जागा मोकळी होती.

"आणि थोरल्याला मूल नाही का?" मॅडमनी विचारलं.

"हाय की. नातू हाय मला. त्याची तुमच्याकडं ऱ्हायली."

मग कळलं. मॅडम किंवा मी तिथं येण्याच्या पुष्कळ आधी ठकूबाईची थोरली सून आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली होती. घरच्यांनी वार मागितली तेव्हा ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्याच्या गाडीत गेलेली होती. "कुटं नेली म्हनून इचारलं, तर म्हनले, जाळाया." पुढं थोरला बायको-पोराला घेऊन नाशिकला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. सणालाही येत नाही. "येईल कसा? ज्या पोराची वार घरात न्हाई, त्याला घर कसं सापडंल? आन पोर जिकडं, बाप बी तिकडंच. तवापासनं आमच्या वाडीतली एक बाई तुमच्याकडं धाडली न्हाई मी. मीच न्हाई म्हनते."

माझ्या तोंडावर आलं होतं. माणसं नाशिकला कामासाठी जातात, वारेसाठी नाही. माझाच जन्म उसाच्या फडात झालेला. माझी वार कुठल्या कारखान्याच्या उसाखाली पुरली ते आता आईलाही सांगता येत नाही, तरी मी सुट्टी मिळाली की पहिल्या गाडीनं घरी जाते. हे सगळं बोलणार होते. पण ठकूबाई त्या मोकळ्या जागेवरची पाचोळ्याची काडी उचलून बाजूला टाकत होती. 

मॅडम दगडांशेजारी खालीच बसल्या. "सौदा करू, ठकूबाई."

"कसला?"

"मंजुळेची वार तुझी. ज्या भांड्यात म्हणशील त्या भांड्यात तुझ्या हातात देते. पण बाळंतपण माझ्याकडं."

ठकूबाई मॅडमसमोर खाली बसली. मग म्हणाली, "मी आत ऱ्हानार."

"राहा. हात कोपरापर्यंत धुवायचे, मी सांगते तसे."

"तिला निजवायचं न्हाई."

"बसून होऊ दे. पण अंगावरून जायला लागलं की मी निजवणार. तेव्हा मधे बोलायचं नाही."

"सुया?"

"सुया मी देणार. आणि लेकरू आत असताना पोट दाबायचं नाही. वार आत असताना तर नाहीच."

"मग मी काय तुमच्या तोंडाकडं बघत बसू?"

"तू तिला धर. तुझ्याइतकं घट्ट कुणाला धरता येणार आहे?"

मंजुळा मागच्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ठकूबाईनं तिच्याकडं बघितलं. मग हात पुढं केला. "झाला."

उतरताना मी मॅडमशी भांडले. असं देता येत नाही, नियम आहे, वार पिवळ्या पिशवीतच गेली पाहिजे आणि त्याला कारण आहे. "आहेच कारण," त्या म्हणाल्या, "मी वर विचारते." त्यांनी विचारलं. वरून उत्तर आलं की तुमच्या जबाबदारीवर काय ते करा. "बघ, जबाबदारी मिळाली," त्या खुशीत म्हणाल्या. मी म्हटलं, मग माझ्याही अटी आहेत. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले असतील तरच. झाकणाचं भांडं. कमरेएवढा खड्डा आणि वर चुना. दगड काय हवा तो बसवा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चालता चालता माझ्यापुढं हात केला. मीही मारली टाळी. काय करणार?

मंजुळा आली ती बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पोती आणि माणसांनी भरलेल्या जीपमधून. ठकूबाईच्या मांडीवर नवंकोरं मडकं, त्यावर झाकणी. माझ्या अटी आशाताईनं तिच्या कानावर घातल्या होत्या, आणि झाकण तिच्या लक्षात होतं.

आम्ही खिडकीच्या गजांना धुतलेली साडी घट्ट बांधली होती आणि खाली स्वच्छ चटई. मंजुळा साडीला धरून उकिडवी बसली. ठकूबाई मागं, तिच्या काखेतून हात घालून. "लाव जोर, माझे बाय. लाव." मॅडम पुढ्यात जमिनीवर, पांढरे बूट पसरून. मी शेजारी. मुलगी झाली. रडली ती व्हरांड्यात ऐकू जाईल अशी.

आणि मंजुळेच्या अंगावरून जायला लागलं.

"आडवी," मॅडम म्हणाल्या. ठकूबाईनंच माझ्याबरोबर तिला उचलून टेबलावर ठेवली. मी इंजेक्शन दिलं, सलाईन जोडलं. ठकूबाईचे दोन्ही हात आपोआप मंजुळेच्या पोटाकडं गेले. आयुष्यभर जात आले होते, तसेच.

"ठकूबाई," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "शब्द."

ते हात मधेच थांबले. मग तिनं ते स्वतःच्या पदरात गुंडाळून धरले. मी ते बघितलंय. 

वार आली. मॅडमनी एका हातानं मंजुळेचं पोट चोळायला घेतलं.

"आता तुमीच दाबताय की!"

"आता आत काही नाही. आता दाबायचंच असतं. ये, हात ठेव. कडक झालंय बघ. कळलं?"

ठकूबाईनं हात ठेवला. मान हलवली. रक्त हळूहळू थांबत आलं. मॅडमनी वार ट्रेमध्ये पसरून ठकूबाईला दाखवली, सगळी आली का, काही तुकडा आत तर राहिला नाही ना, ते बघायला. ही त्यांची नेहमीची पद्धत, घरच्यांना दाखवायचंच. ठकूबाई वाकून बघत म्हणाली, "नाळ मधे न्हाई हिची. कडेला हाय."

"हो, कडेला आहे," मॅडम म्हणाल्या, आणि ट्रे बाजूला सरकवून आम्ही दोघी परत मंजुळेकडं वळलो. ठकूबाई मडकं आणायला बाहेर गेली.

सौदा सगळ्यांशी झाला होता. मामांशी करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मामा आमचे फार टापटिपीचे. ट्रेमध्ये जे असेल ते पिवळ्या पिशवीत, गाठ मारून, चिकटपट्टी लावून. ठकूबाई मडकं घेऊन आली तेव्हा ट्रे धुवून लख्ख करून पालथा घातलेला होता. आणि कचऱ्याची गाडी नुकतीच खाली गेली होती.

"कुटं हाय?" ठकूबाईनं विचारलं.

मी पालथा ट्रे उचलून बघितला. मग मॅडम बोलल्या. "गेली गाडीत. आमची चूक झाली, ठकूबाई. आत्ता गेलीय, आत्ता आणवते."

ठकूबाई भिंतीला टेकून खाली बसली, रिकामं मडकं मांडीवर घेऊन.  टेबलावरून मंजुळेचा बारीक आवाज आला, "आत्याबाई, माझी पोर बी जाईल का ओ नाशकाला?"

"मी हिला सोडून हलत नाही," मॅडम मला म्हणाल्या. रक्त थांबलं होतं, पण त्यांचा हात मंजुळेच्या पोटावरून उठला नव्हता. "पदवीधर, माझ्या स्कूटरची चावी घे."

मी घेतली. त्या उतारावर मी इतक्या जोरात गाडी आधी कधी चालवली नव्हती, पुढंही चालवणार नाही. राजूरात बाजार भरलेला. गाडी सापडली ती कांद्याच्या टेम्पोमागं अडकलेली, पुढं शेळ्या, मागं जीपा. ड्रायव्हर तरणा पोरगा होता, खिडकीतून शेंगा खात होता. मी म्हटलं, आमच्या दवाखान्याची शेवटची पिशवी परत दे.

"सिस्टर, वजन झालं, स्टिकर लागलं. आता न्हाई देता येत. नियम हाय."

"नियम मला नको सांगूस. मी शिकलेय तो. कालपर्यंत मीच सांगत होते. वर एक म्हातारी रिकामं मडकं घेऊन बसलीय. तिच्या नातीची आहे ती."

"वार हाय व्हय?" त्यानं शेंगा ठेवल्या. "आमच्याकडं बी पुरत्यात. माझी आजीनं गोठ्यात पुरली हुती." खाली उतरून मागचं दार उघडता उघडता म्हणाला, "मला गोठा बिलकूल आवडत न्हाई, तरी बी सुट्टी मिळाली की घरीच पळतो. हां, सही करा हितं."

सही केली, हातमोजे घातले, पिशवी तपासली. गाठ मामांची होती. पिशवी पायांमधे ठेवून मी बाजारातून परत निघाले. बांगडीवाल्या चाचांनी हाक मारली, "क्या लिया सिस्टर, बाजार से?" "दुसऱ्याचं आहे, चाचा," म्हटलं आणि गाडी पळवली.

ठकूबाई तिथंच बसून होती. तिनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हीच कशावरनं?"

तिचं बरोबर होतं. मी पिशवी ट्रेमध्ये उघडली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, वाकली, बोट न लावता बराच वेळ बघत राहिली.

"कडेला हाय," ती म्हणाली. "हीच."

मडक्यात ठेवली, झाकणी लावली, वरून फडकं बांधलं. मामा दारात उभे होते. "मला सांगायचं तरी हुतं कुनी," ते मॅडमना म्हणाले. "खरंय मामा," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सोडून सौदा केला, चुकलंच." मग ठकूबाईच्या धाकट्याबरोबर खड्डा खणायला वाडीवर कोण गेलं, तर मामा. स्वतःहून. चुन्याची पिशवीही त्यांनीच उचलली.

ठकूबाई त्याच संध्याकाळी मडकं घेऊन निघाली. मला वाटलं होतं मंजुळेलाही उठवून नेईल. पण दारात थांबून ती मॅडमना म्हणाली, "ही मी नेते. त्या दोघी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. बऱ्या झाल्या की धाडा." आभार-बिभार काही नाही. मॅडमना ते इतकं आवडलं की त्या मंजुळेच्या खाटेशी बसून स्वतःशीच हसत होत्या.

थोरला नाशिकहून आला का, असं मला पुष्कळ जण विचारतात. नाही आला. निदान मी असेपर्यंत तरी नाही.

पुढं एका बाजाराच्या दिवशी मॅडम नगरला मीटिंगला गेल्या होत्या. दुपारी ठकूबाई आली. बरोबर त्याच वाडीतली एक कोवळी पोरगी, पोट जेमतेम दिसायला लागलेलं. मंजुळेची मुलगी कशी आहे, विचारलं. "दांडगी झाली," म्हणाली. मग इकडंतिकडं बघितलं.

"डॉक्टरीनबाई?"

"नगरला गेल्यात. उद्या येतील."

तिनं पोरीला बाकावर बसवलं. मग माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "मग तू बोल. वारंचं ठरलंच हाय. आता शेकाचं बोलायला आलेय. हितं बाळंतिनीला शेक न्हाई, गार फरशीवर ठिवता."

"इथं ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, ठकूबाई. विस्तव चालायचा नाही."

"मग काय चालंल ते सांग की."

मी विचार केला. "मागची पत्र्याची खोली आहे, वेगळी. तिथं शेगडी ठेवू. पण फुललेले निखारे, धूर अजिबात नाही. दार-खिडकी उघडी. बाळ खोलीबाहेर."

"बाळ दारात. मला दिसलं पायजे."

"दारात. आणि या पोरीला रक्ताच्या गोळ्या आजपासून."

"उद्यापासून. आज उपास हाय तिचा."

"गोळी उपासाला चालते."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते."

ठकूबाईनं त्या पोरीकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं, चांगलं निरखून. आणि हात पुढं केला.

"आन मग. पानी बी आन तिला."